प्रकरण अकरावे : पहिला बाक

आप्पांचा स्मरणदिन खरं तर कुठल्याही वारी आला असता, पण पंचाक्षरीला बार्शीच्या शाळेतून मधल्या वारी सुटी मिळत नसे, म्हणून घरानं तो मार्चातल्या दुसऱ्या शनिवारी बसवून टाकला होता. आप्पांची काही तक्रार नव्हती. त्याच्या वडलांना, सिद्धलिंगप्पांना, जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, आणि हयात होते तेव्हाही ते तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. कानानं अधू माणूस, कोपऱ्यात हसत बसायचा.

तर त्या शनिवारी दुपारी शुक्रवार पेठेतल्या घरात प्रार्थना झाली, जेवणं झाली, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पंचाक्षरीनं नेहमीप्रमाणे दोन माणसांची खाल्ली, आणि हात पुसत पुसत तो मुद्द्यावर आला.

"अण्णा, त्या बाईचं काय करायचं ठरवलंस?"

त्याचा थोरला भाऊ शंकरप्पा खिडकीपाशी उद्याच्या उपदेशाचा कागद घेऊन बसला होता. पाळक खेड्यांच्या फेरीवर गेले होते, त्यामुळे उद्या देवळात उपदेश त्याचा. मिशनच्या शाळेत बावीस वर्षं मास्तरकी केलेला, ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, म्हणून निवडलेला माणूस तो. पुढल्या महिन्यात मंडळी त्यालाच सहायक पाळक नेमणार हेही जवळजवळ पक्कं होतं. उपदेश लिहायला त्याला एरवी एक संध्याकाळ पुरायची. हा कागद सोमवारपासून कोरा होता. वर फक्त एक ओळ होती: करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय अकरावा.

"कुठल्या बाईचं?" त्यानं विचारलं. त्याला चांगलं माहीत होतं.

"रावजीच्या बायकोचं. दगडाबाईचं. अरे, बार्शीपर्यंत आलंय ते, म्हणून विचारतो."

झालं होतं ते असं. गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. गिरणीत काम करणारा रावजी वर्षापूर्वी मंडळीत आलेला, मांगवाड्यातलं घर. त्याच्या बायकोचा, दगडाबाईचा, बाप्तिस्मा त्या सकाळी झाला. पाळक तिला म्हणाले, बाई, आता बसा. ती समोर दिसेल तिथं बसली. समोर होता पहिला बाक, आणि त्याचं वाटेकडचं टोक. देवळात बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसत. या एका बाकावर मात्र बत्तीस वर्षं शंकरप्पाच्याच घरची माणसं, बायका-पुरुष मिळून, बसत आली होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांना ऐकू येत नसे, आणि त्यांची बायको काशम्मा अव्वा शेजारी बसून उपदेशातलं वाक्य न् वाक्य त्यांच्या कानात सांगत असे. आप्पा गेले, बाक राहिला. इतक्या वर्षांची सवय, कोण कशाला मोडतो?

प्रभुभोजनाचा प्याला एकच असे. त्यातला मनुकांचा रस शंकरप्पाची बायको शांतम्मा आदल्या दिवशी घरी उकळून करायची. पाळक तो प्याला पहिल्या बाकाच्या टोकाला देत, तिथून हातोहात मागं जात जात तो शेवटच्या बाकांवर पोचे. तिथं मांगवाड्यातली आणि गिरणीतली माणसं बसत. त्या रविवारी पाळकांनी प्याला टोकाला दिला, आणि टोकाला दगडाबाई होती. ती दोन घोट प्यायली. कसं असतं ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तिनं पदरानं प्याल्याची कड पुसली आणि तो काशम्मा अव्वाच्या हातात दिला. अव्वानं तो तोंडाला न लावता तसाच शंकरप्पाकडं सरकवला.

इथवर सगळ्या मंडळीनं पाहिलं. पुढचं कोणी पाहिलं नाही, असं शंकरप्पा सहा दिवस स्वतःला बजावत होता. त्यानं प्याला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, ओठाला लावला, आणि ओठ उघडलेच नाहीत. लागलेला ओलावा त्यानं रुमालानं टिपला आणि प्याला शांतम्माला दिला. शांतम्मा प्यायली, तिच्या शेजारी त्याची लेक महानंदा प्यायली. म्हणजे भर देवळात, ज्याच्या नावानं भोजन त्याच्यासमोर, शंकरप्पा मास्तरांनी पिण्याचं सोंग केलं होतं. आठवलं की त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

"काही करायचं नाही," तो म्हणाला. "नवीन बाई आहे. शिकेल."

"तेच म्हणतोय. शिकवायला पाहिजे. प्रेमानं सांग की तिला. सगळं नीट आणि शिस्तीत व्हावं असं पौलच म्हणतो त्या पत्रात."

"काका," महानंदा चौकटीला टेकून उभी होती. ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागून वर्ष झालं होतं, आणि वाद घालताना तिचा आवाज आपोआप वर्गातला होई. "त्याच पत्रात, तीन अध्याय आधी काय म्हणतो पौल? करिंथमधले खाऊनपिऊन सुखी लोक आधी येऊन जेवून घ्यायचे, आणि कष्टकरी उशिरा आले की त्यांना काही उरायचं नाही. त्यावरच तो चिडलाय. एकमेकांसाठी थांबा, म्हणतो."

"आमी कुटं कुणाचं खाल्लं?" काशम्मा अव्वा भिंतीशी बसून वाती वळाव्यात तशी नुसतीच बोटं वळत होती. लिंगायतपण सोडून बत्तीस वर्षं झाली तरी तिची ती सवय गेली नव्हती. "आन मी प्याले न्हाय ते माझा उपास हुता म्हनून."

"आज्जी, त्या सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्यास."

"भाकरीचा न्हवं. रसाचा उपास."

पंचाक्षरीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. महानंदा हसली नाही. ती बापाकडं बघत होती.

"निदान बाबा तरी प्यायले," ती म्हणाली.

शंकरप्पानं कागदावरून नजर उचलली नाही. "हं," तो म्हणाला. त्या एका हुंकारानं त्याचं खोटं दुप्पट झालं.

एवढ्यात अंगणातून हाक आली. "मास्तर हायती का घरात?"

दगडाबाई पायरीखाली उन्हात उभी होती. कडेवर सात-आठ महिन्यांची पोर, तोंड सुकलेली. चार माणसं आपल्याबद्दलच बोलत होती हे तिला माहीत नव्हतं. ती माणसं मात्र चोरी पकडल्यासारखी गप्प झाली. शंकरप्पा ओसरीवर आला.

"वर ये की, दगडाबाई."

"न्हाई, हितंच बरं हाय." तिनं पोरीच्या डोक्यावर पदर ओढला. "मास्तर, एक इचारायचं हुतं. बुधवारी बायकांच्या वर्गात तुमी सांगितलं, भलत्या रीतीनं जो त्यो प्याला घेतो, त्यो दंड पितो. त्यापायीच मंडळीत लोक दुबळी हुत्यात, आजारी पडत्यात. आसंच म्हनला न्हवं?"

"म्हणालो होतो."

म्हणाला तर होताच. आणि तेव्हा त्याचा आवाज गरजेपेक्षा चढला होता, नजर तिच्या डोक्यावरून पलीकडं होती. राग तिचा नव्हता, पण निघाला तिच्यावर. तसं आपण का केलं ते त्याला बुधवारीच कळलं होतं. ते त्यानं स्वतःशी कबूल केलं नव्हतं एवढंच.

"तवा मला उमगलं," दगडाबाई सांगत होती. "मी म्होरं बसले. संमद्याच्या आधी प्याले. ह्या म्हातारीबाईंनी तोंड फिरवलं, तवाच वाटलं, आपल्या हातनं कायतरी भलतं झालं. मालक म्हनले, जा, मास्तरास्नी इचार. पर माझी छाती हुईना. म्हनून मीच उपास धरला. बुधवारपासनं पान्याबिगर तोंडात काय घातलं न्हाय. म्हनलं, देव उतारा दील. तर काल दूधच आटलं, मास्तर. पोर नुसती चावतीया." तिचा आवाज फुटला. "म्हंजी दंड लागलाच की. आता काय करू सांगा."

आत भिंतीशी अव्वाची बोटं थांबली होती. पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसून कण्हली.

आणि शंकरप्पाला एकदम सोपी वाट दिसली. बावीस वर्षांच्या मास्तरकीत अशा वाटा सापडतात. "दगडाबाई," तो मऊ आवाजात म्हणाला, "देव दयाळू आहे. जे झालं ते अजाणता झालं. त्यानं तुला क्षमा केली आहे. आता घरी जा, पोटभर जेव, दूध येईल. मनात काही ठेवू नकोस."

ती मटकन पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. मग तिनं त्याच्या पायाला हात लावला. त्याला पाय मागं घ्यायचा होता, पण तो तसाच उभा राहिला.

"लई उपकार झालं, मास्तर. आता म्होरल्या बारीला मी पार मागं बसंन. संमद्याच्या शेवटी प्याईन. मग तर चालंल न्हवं?"

"शहाणी आहेस," पंचाक्षरी आतून म्हणाला. सगळा गुंता कसा अलगद सुटला होता. कोणी कोणाला दुखवलं नव्हतं, शास्त्राला धरून झालं होतं, बाई स्वतःहून मागं बसणार होती.

शांतम्मा दूधभाताची वाटी घेऊन बाहेर आली. दगडाबाईनं पोरीला चार घास भरवले, स्वतः घरी जाऊन खाईन म्हणाली, वाटी विसळून पायरीवर पालथी घातली आणि निघाली. फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं दोनदा मागं वळून हात जोडले.

शांतम्मानं वाटी उचलली. ती कधी वादात पडणारी बाई नव्हती. सासूसमोर तर नाहीच. पण ती नवऱ्याजवळून जाताना थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "प्याला मी भरला होता. काठोकाठ. तुमच्यानंतर माझ्या हातात आला तेव्हा दोनच घोट कमी होते."

शंकरप्पानं तिच्याकडं पाहिलं. मग महानंदाकडं. तिची मान खाली होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. सहा दिवस या दोघी त्याला वाढत होत्या, त्याचे कपडे धूत होत्या, त्याच्या उपदेशाच्या कागदाला वारा लागू नये म्हणून वर पाटी ठेवत होत्या, आणि दोघींना माहीत होतं. त्याला इतकी लाज वाटली की क्षणभर पुढचं काही दिसेना. तो तसाच, पायात काही न घालता, अंगणात उतरला.

मार्चातलं सोलापूरचं ऊन. गल्लीतली फरसबंदी तापली होती. त्यानं तिला कोपऱ्यावरच्या निंबाखाली गाठलं. गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी दारातून माना काढल्या, कारण शंकरप्पा मास्तरांना अनवाणी धावताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"दगडाबाई, थांबा."

ती दचकली. घाबरून तिनं पोरीला घट्ट धरलं. मास्तर तिला अहोजाहो करत होते.

"मी आत्ता तुम्हाला खोटं सांगितलं," तो धापा टाकत म्हणाला. "तुम्हाला क्षमा कसली? तुमचं काही चुकलंच नाही. भलत्या रीतीनं प्याला घेतला तो मी. ओठाला लावला आणि प्यालो नाही. तुम्ही आधी प्यायला होतात म्हणून. पौलानं ते शब्द तुमच्यासाठी लिहिलेच नाहीत. जे पुढं बसून आधी उरकून घेतात, मागच्यांसाठी थांबत नाहीत, त्यांना लिहिले. आम्हाला. आणि मी ते तुमच्या डोक्यावर घातले."

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्याच्याकडं पाहिलं. मघाचे अश्रू गालावर अजून वाळले नव्हते.

"म्हंजी इटाळ," ती म्हणाली.

"हो."

"एकाच पान्यानं तुमचा बाप्तिस्मा आन माझाबी, तरी?"

"तरी."

"आन मी तीन दिस माझी पोर उपाशी ठिवली."

 क्षमा करा असं तो म्हणणार होता, पण तो शब्द त्यानं आत्ताच अंगणात इतका स्वस्त करून टाकला होता की पुन्हा तोंडात येईना. ती खाली वाकली नाही, रडली नाही. रागावलीही नाही, निदान आवाजात तरी राग नव्हता.

"मला गल्लीत कशाला सांगतासा, मास्तर?" ती म्हणाली. "बुधवारी वर्गात संमद्यांम्होरं सांगितलं तुमी. त्यो रविवारचा प्यालाबी संमद्यांम्होरंच हुता. हे तेवढं निंबाखाली व्हय?" आणि ती गेली. या वेळी तिनं वळून पाहिलं नाही.

शंकरप्पा घरात आल्यावर पंचाक्षरीनं दार लोटून घेतलं. कोपऱ्यावरचं सगळं त्यानं खिडकीतून पाहिलं होतं आणि ओळखलं होतं.

"उद्या व्यासपीठावर यातलं एक अक्षर काढायचं नाही, अण्णा. पाळकपद तर जाईलच, पण आप्पांचं काय? भावकीनं वाळीत टाकलं, गावातलं घर सुटलं, तरी त्या माणसानं विश्वास सोडला नाही. मंडळीत त्यांचं नाव घेतात लोक. तो बाक त्यांच्या नावाचा आहे. ते नाव तू मातीत घालणार?"

"आप्पाचं नाव मधी आनू नगंस," भिंतीकडून आवाज आला. काशम्मा अव्वा भिंतीला धरून उठत होती. महानंदा हात द्यायला गेली, तो तिनं बाजूला केला. "त्येंचं कान चांगलं हुतं."

"काय?"

"कान. आप्पाचं. धडधाकट हुतं. मुंगी चालली तरी ऐकू यायचं त्या मान्साला."

कोणालाच काही कळेना. अव्वा उभ्यानंच सांगत राहिली, एखादं जुनं दुखणं वैद्याला सांगावं तसं.

"बाप्तिस्म्याच्या आदी मी आट घातली हुती. म्हनलं, तुमच्या देवाकडं येते, गळ्यातलं लिंग उतरवते, पन कुनाच्या उष्ट्या भांड्याला तोंड लावनार न्हाय. हे दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी मिशनच्या सायबाकडं गेले आन म्हनले, मला ऐकू येत न्हाय, म्होरचा बाक द्या, बायकू जवळ लागंल. सायेब भला मानूस. दिला. प्याला आदी आमच्याच हाती यायला लागला. मग काय? एकदा भैरं झालं की झालं. तेवीस वर्सं. मी त्येंच्या कानात उपदेश सांगायची आन त्ये मान डोलवायचे. दोगांनाबी ठाऊक."

शंकरप्पाला आठवलं, लहानपणी शाळेत पहिला नंबर आला तेव्हा तो आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडला होता. महानंदा झाली तेव्हाही ओरडला होता. आप्पा हसायचे, नुसते हसायचे. पंचाक्षरीला वेगळंच आठवलं. आप्पांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या उशाशी बसून तो म्हणाला होता, हे आणखी किती दिवस चालणार, मला रजा नाही. आप्पा तेव्हाही हसले होते.

"मरताना म्हनले, काशम्मा, शंकरला सांग," अव्वा म्हणाली. "मी न्हाय सांगितलं. लाज वाटली. आज त्या पोरीच्या लेकराला बघून लईच वाटली." ती आतल्या खोलीत गेली, आणि संध्याकाळी तिनं फक्त एवढंच विचारलं की घरात हळीव आहेत का. असतील तर महानंदानं ते रावजीच्या घरी पोचते करावेत, दुधाला बरे असतात.

महानंदा हळीव घेऊन गेली. ते दगडाबाईनं घेतले की परत केले, हे कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पंचाक्षरी रविवारी सकाळच्या गाडीनं बार्शीला निघून गेला. कुर्डुवाडीला गाडी बदलायची असते, उशीर नको, असं तो दोनदा म्हणाला.

देवळात घंटा होण्याआधी माणसं भरली. काशम्मा अव्वा नेहमीप्रमाणे मधल्या वाटेनं पुढं आली, पहिल्या बाकापाशी थांबली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचे पाय आपोआप टोकाकडं वळले होते. मग ती वळली आणि सगळ्या मंडळीच्या देखत आल्या वाटेनं पार मागं गेली. शेवटच्या बाकावरच्या गिरणीतल्या बायका भांबावून उठायला लागल्या. तिनं त्यांना बसवलं आणि मधल्या फटीत शिरली. शांतम्मा आणि महानंदा तिच्यामागं गेल्या. व्यासपीठावर उभ्या शंकरप्पाच्या समोर पहिला बाक रिकामा राहिला.

घंटा झाली. रावजी उजवीकडं एकटाच येऊन बसला होता. शंकरप्पानं पुस्तक उघडलं आणि मिटलं.

"जरा थांबू या," तो म्हणाला.

मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. शंकरप्पा मास्तर बावीस वर्षांत कधी मिनिटभर उशिरा सुरू झाले नव्हते. कोणी खोकलं, कोणी घड्याळ काढलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. ती येणार नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

मग ती आली. दारात उभी राहिली. बाक सगळे भरले होते, फक्त एक सोडून. तिनं मागच्या बाकावरच्या अव्वाकडं पाहिलं, समोर व्यासपीठाकडं पाहिलं, आणि वाटेनं चालत येऊन पहिल्या बाकाच्या त्याच टोकाला, गेल्या रविवारच्या जागी, एकटी बसली. पदराखाली पोर चुळबुळत होती. तिनं मान वर केली आणि ती त्याच्याकडं बघत राहिली. आता तो सांगणार होता की नाही, एवढंच तिला बघायचं होतं.

"आजचं वाचन करिंथकरांच्या पहिल्या पत्रातून आहे," शंकरप्पा म्हणाला. "पण त्याआधी..." त्यानं कठडा धरला. "त्याआधी मला सांगायचंय की गेल्या रविवारी प्रभूचा प्याला माझ्या हातात आला तेव्हा..."

त्याचा आवाज खाली गेला. ओठ हलत होते. पहिल्या दोन-चार ओळींना काय ऐकू गेलं असेल तेवढंच.

शेवटच्या बाकावर काशम्मा अव्वा उठून उभी राहिली.

"शंकर," ती म्हणाली, "मोठ्यानं सांग. हितं मागं काय ऐकू येत न्हाय."